स्क्रूची पेटी

आमच्या गल्लीत एक गोष्ट पक्की धरली जाते. दोनबोटे काकांनी स्वतःच्या बायकोला लाकडी पेटीत घातलं, बाहेरून बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहिलं आणि बोटीने परदेशी रवाना केलं. न्हाव्याच्या दुकानात जी आवृत्ती चालते तिच्यात पेटीला हवेसाठी सहा भोकं आहेत. इस्त्रीवाल्याच्या आवृत्तीत भोकं नाहीत, पण आत पाण्याची बाटली आहे. कोपऱ्यावरची शिवणकामवाली बाई तर हातातली कात्री हवेत नाचवत सांगते, "अहो, मी तिथेच उभी होते! पेटी ट्रकवर चढवताना आतून स्पष्ट आवाज आला, ‘हळू रे मेल्यांनो’ म्हणून."

खरं तर काकू विमानाने गेल्या. चार वर्षांपूर्वी, रीतसर तिकीट काढून, दोन बॅगा घेऊन, आणि टॅक्सीच्या खिडकीतून "मागचं दार लावलंत का?" असं दोनदा विचारून. पेटीतून गेली ती त्यांची शेगडी, आणि तीही गेल्या हिवाळ्यात. ही अफवा फिरत फिरत काकांच्या कानावर आली तेव्हा बायकोला पेटीत घातल्याचा आळ त्यांनी निमूट ऐकून घेतला. भडकले ते एकाच गोष्टीवर.

"आवाज? माझ्या पेटीतून आवाज?"

काका पेट्या करतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्या जड, वेड्यावाकड्या, नाजूक वस्तू बांधून द्यायच्या, हा त्यांचा धंदा. पियानो, दवाखान्यातली यंत्रं, संगमरवरी टेबलं, एकदा तर पेंढा भरलेलं अस्वल, दोन्ही पाय वर केलेलं. खालच्या मजल्यावर त्यांचं वर्कशॉप, वर्कशॉपमागे दोन खोल्या, खोल्यांमागे व्हरांडा. वरच्या मजल्यावर आम्ही. त्यांचं छत ती आमची जमीन. दोन्ही हात कामात गुंतलेले असल्यामुळे काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे त्यांच्या संसारातलं काही आमच्यापासून लपत नाही, लपावं असं वाटलं तरी.

‘दोनबोटे’ हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पोस्टमनला ठाऊक असेल. वस्तू आणि पेटी यांच्यामध्ये चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडायची आणि मग ती जागा भरायची, हा त्यांचा नेम. कमी सोडली तर वस्तू घासते, जास्त सोडली तर हिंदकळते. ही दोन बोटं ते कुठेही घालतात. नवीन बुटाच्या टाचेत, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, सदऱ्याच्या कॉलरमध्ये. "संसारातही तेच," असं ते पूर्वी लोकांना अभिमानाने सांगायचे. "माणसाला दोन बोटं मोकळी ठेवावीत. मी हिला कधी विचारलं नाही कुठे चाललीस म्हणून."

काकूंची शेगडी ही ओट्यावर ठेवायची शेगडी नव्हती. बार्बेक्यूची होती, म्हणजे उघड्यावर कोळसा पेटवून त्याच्यावर मांस, मासे, भाज्या भाजायची. एक माणूस आरामात आडवा झोपेल एवढी लांब. काकांच्या मित्राने, पलीकडच्या शेडमधल्या वेल्डरने, जुन्या बॉयलरचा जाड पत्रा कापून ती बनवली होती. आतून भट्टीच्या विटा, वर बोटाएवढ्या जाड सळ्यांची जाळी, त्यावर दोन हातांनीही जेमतेम उचलता येईल असं झाकण, खाली चार लोखंडी चाकं. पंधरा वर्षं दर संध्याकाळी काकूंनी ती बाजारामागच्या वाहनतळात नेऊन उभी केली. लोक ऑफिसातून परस्पर तिथे यायचे. काकूंच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते आणि त्यातला प्रत्येक डाग कुठल्या गिऱ्हाइकाच्या घाईमुळे पडला हे त्यांना पाठ होतं.

मग मुलीचं बाळंतपण आलं. मुलगी समुद्रापलीकडे, नवऱ्याबरोबर. काकू तीन महिन्यांसाठी गेल्या. तीन महिन्यांनंतर बाळाला दात येत होते. दात आल्यावर थंडी ओसरू दे म्हणाल्या. थंडी ओसरली तेव्हा जावयाची बदली निघाली. बदली झाल्यावर काकूंचा गुडघा निघाला. प्रत्येक नवीन कारण काका गल्लीत जातीने सांगून यायचे, एखादा सरकारी निर्णय जाहीर करावा तसं. "आता गुडघा आहे," न्हाव्याला. "गुडघा हो, गुडघा," इस्त्रीवाल्याला.

शेगडी मागच्या व्हरांड्यात ताडपत्रीखाली होती. दर महिन्याच्या एक तारखेला काका ताडपत्री काढायचे, बिजागऱ्यांना तेल घालायचे, सळ्यांवरून तेलाचं फडकं फिरवायचे, चारी चाकं एकदा पुढे एकदा मागे ढकलून बघायचे आणि पुन्हा ताडपत्री बांधायचे. ती आली की त्याच संध्याकाळी पेटवता आली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. काकू येणार का, हा प्रश्न काकांना कुणी विचारला नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारला नाही. शेगडी आहे ना मागे? मग येणारच. एवढी जड वस्तू मागे ठेवून कोण कुठे कायमचं जातं?

आणि मग एके दिवशी सकाळी फोन आला. आपल्याकडे सकाळ तेव्हा तिकडे संध्याकाळ.

"अहो, ऐकताय ना?" काकू फोनवर ओरडूनच बोलतात. मध्ये एवढा समुद्र आहे म्हटल्यावर आवाजाला जोर लागणारच, असा त्यांचा हिशेब.

"ऐकतोय. गच्चीपर्यंत सगळे ऐकतायत."

"इथल्या शेगड्या म्हणजे नुसते डबे हो! एका बाजूला जळतं, एका बाजूला कच्चं. आणि ऐका, मला इथल्या रविवारच्या बाजारात जागा मिळालीय. कोपऱ्याची! माझी शेगडी पाठवून द्या."

खाली रंधा चालू होता तो थांबला.

"अगं, अडीचशे किलो आहे ती."

"मग? तुम्ही पियानो पाठवता."

"पियानो लोकांचे असतात."

"मग ही माझीच आहे ना!"

"आणि तू इकडे आल्यावर कशावर भाजशील?"

"आल्यावरचं आल्यावर बघू. थांबा, बाळ रडतंय, ठेवते."

बाळ तेव्हा साडेतीन वर्षांचं होतं. फोन ठेवायची वेळ झाली की अजूनही रडायचं.

दुसऱ्या दिवशी काकांनी ताडपत्री काढली. तारीख एक नव्हती, अकरा होती. वेल्डर मदतीला आला. त्याचा पुढचा एक दात नाही, त्यामुळे बोलताना दर दुसऱ्या शब्दाला शिट्टी वाजते आणि गंभीर गोष्ट सांगितली तरी कुणीतरी कुत्र्याला बोलावतंय असं वाटतं.

"कधी येतेय वहिनी?" त्याने शिट्टी वाजवत विचारलं.

"तिला तिकडे जागा मिळालीय."

"म्हणजे येत नाहीये."

"तू बोल्ट सोडव."

"दोन बोटं, दोन बोटं करत समुद्रभर जागा सोडलीस की रे!"

"तू बोल्ट सोडवतोस का मी दुसऱ्याला बोलावू?"

वेल्डरने बोल्ट सोडवले. पंधरा वर्षांच्या उष्णतेने ते असे धरले होते की दोन तर कापावे लागले.

पण बांधायच्या आधी शेगडी धुवायची होती. तिकडचा नियम कडक: वापरलेल्या वस्तूवर माती नको, राख नको, चरबीचा थेंब नको. बंदरावर पेटी उघडून तपासतात आणि काही सापडलं तर माल परत तरी पाठवतात नाहीतर जाळून टाकतात.

"शेगडी जाळणार?" वेल्डरने विचारलं. "कशात?"

अकरा दिवस काका शेगडी खरवडत होते. आधी पातळ पट्टीने, मग तारेच्या ब्रशने, मग उकळत्या पाण्यात सोडा घालून. पंधरा वर्षांचा काळा थर झाडाच्या सालीसारखा पापुद्र्या-पापुद्र्याने निघत होता. वास असा उठला की आमच्या घरात दुधालासुद्धा भाजल्याची चव आली. काका गुडघ्यावर बसून, अर्धं अंग शेगडीच्या आत घालून खरवडायचे, बाहेरून फक्त चपला दिसायच्या. शिवणकामवाल्या बाईची अफवा कदाचित इथूनच सुरू झाली असेल, फक्त तिने आतलं माणूस बदललं.

अकराव्या दिवशी शेगडी करड्या रंगाची, गुळगुळीत, कुणाचीही असू शकेल अशी झाली. वेल्डरने लांबून बघितलं, जवळून बघितलं, स्वतःच्याच हाताने मारलेली जोडणी बोटाने चाचपली.

"एकदम नवीन दिसते रे."

"हो ना," काका म्हणाले आणि चिंधी बादलीत टाकली.

मग कागदपत्रं. माल बोटीने पाठवणाऱ्या कंपनीचं ऑफिस औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. तिथे खिडकीत बसणारा कारकून चांगला माणूस होता, पण "म्हणजे बघा" म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य चालू व्हायचं नाही, थंडीत स्कूटर होत नाही तसं. तिथला पुढचा सगळा प्रकार आमच्या गल्लीतल्याच एका माणसाने ऐकला. त्याला काही पाठवायचं नव्हतं. तो तिथे रोज पंख्याखाली बसायला जातो.

"म्हणजे बघा काका, वापरलेली वस्तू आहे. म्हणजे बघा, याचे दोन प्रकार. एक, परत येणारं सामान. प्रदर्शनाला जातं, नाटकाचं जातं, ते. दुसरं, कायमच्या स्थलांतराचं घरसामान. आपलं कुठलं?"

"परत येणारं," काका लगेच म्हणाले.

"छान. परतीची तारीख?"

"ती अजून ठरली नाही."

"म्हणजे बघा, तारखेशिवाय पुढचा रकाना उघडत नाही." त्याने स्क्रीन काकांकडे वळवली. एका रिकाम्या चौकोनाशेजारी लाल चांदणी लुकलुकत होती. "हे बघा. अडतंय."

"अंदाजे टाका."

"म्हणजे बघा, अंदाजे चालते. पण त्या तारखेला माल परत निघाला नाही तर तिकडून नोटीस जाते. काकूंना जाईल."

काकांनी फोन काढला. सवयीने स्पीकर चालू केला, जरी तेव्हा त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

"अगं, तारीख काय टाकू?"

"कसली तारीख?"

"परत यायची."

"शेगडीची?"

मागच्या बाकावर पंख्याखालचा माणूस आणि सायकल पाठवायला आलेला एक मुलगा, दोघांनी माना पुढे काढल्या.

"अहो, ऐकताय ना? कायमचं लिहा. तेच सुटसुटीत. त्याला तारीख लागत नाही."

"तसं खोटं कसं लिहायचं?"

यावर समुद्रापलीकडून पहिल्यांदाच हळू आवाज आला. इतका हळू की पंख्याखालच्या माणसाला उठून दोन पावलं पुढे यावं लागलं. "खोटं नाही होणार. हिला सांगते. कागद पाठवेल ती."

मुलीने पाठवलेला कागद पाच मिनिटांत कारकुनाच्या मशीनमधून बाहेर आला. त्यावर काकूंचा फोटो होता, केस कापलेला. खाली लिहिलं होतं की या बाई आता तिकडच्या कायमच्या रहिवासी आहेत.

"म्हणजे बघा, उत्तम काम झालं!" कारकून खरोखर खूश झाला. "नाहीतर लोकांकडे हा कागदच नसतो. चौदा महिन्यांपूर्वीचा आहे, दोन वर्षांच्या आतला चालतो. मुदतीत बसलं!"

"कितीचा?"

"चौदा महिन्यांपूर्वीचा."

काकांनी मागे मोजलं. चौदा महिन्यांपूर्वी गुडघा चालू होता. त्या गुडघ्यासाठी त्यांनी तेलाच्या तीन बाटल्या पाठवल्या होत्या, छोट्या पेटीत, प्रत्येकीच्या भोवती जागा सोडून. बाटल्या पोचल्या तेव्हा काकू फोनवर म्हणाल्या होत्या, "काय हो बांधता तुम्ही! एक थेंब सांडला नाही." म्हणजे तेल आणि हा कागद एकाच सुमारास त्या घरात आले असणार. कदाचित एकाच टेबलावर होते. काकांना त्या टेबलाची लांबी-रुंदी किती असेल असा प्रश्न पडला.

"काका, बघा, पाठवणाऱ्याची सही इथे. आणि हे राहिलं, मालकाशी नातं?"

"पॅकर."

"म्हणजे बघा, नातं म्हणजे पती, मुलगा, भाऊ असं…"

"पॅकरच लिहा. फुटलं-तुटलं तर जबाबदारी त्याचीच असते."

कारकुनाने लिहिलं. रकाना पुढे गेला.

आता पेट्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेटी दोन तऱ्हेची असते. वस्तू जाऊन तिकडेच राहणार असेल तर पेटी खिळ्यांची. खिळे ठोकायला वेळ लागत नाही, पलीकडचा माणूस पहार घालून फळ्या उचकटतो, पेटीचं वाटोळं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. वस्तू परत येणार असेल, म्हणजे प्रदर्शनातली मूर्ती किंवा वाद्यवृंदाचे ढोल, तर पेटी स्क्रूची. प्रत्येक फळीला आकडा, प्रत्येक कोपऱ्याला खूण, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला: आधी कुठली बाजू उभी करायची, मग कुठली, शेवटी झाकण. तो कागद वाचून कुणीही अनोळखी माणूस तीच वस्तू त्याच पेटीत पुन्हा बसवून परत पाठवू शकतो. स्क्रूच्या पेटीला तिप्पट वेळ लागतो. काका ती सहसा करत नाहीत. लोकांच्या वस्तू बहुतेक करून जायलाच जातात.

लाकूड आलं. भट्टीत तापवून कीड मारलेलं, सरकारी शिक्का असलेलं, पिवळंधमक देवदाराचं. काकांनी आधी तळाची चौकट केली, शेगडीचं धूड साखळीच्या कप्पीने उचलून तिच्यावर ठेवलं आणि पाय बोल्टने आवळले. चाकं वेगळी काढून कापडात. भट्टीच्या विटांना खडूने आकडे घालून एकेक वीट कागदात. सळ्या तेलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून, दोन-दोनच्या जोड्या. झाकण उलटं करून फोमच्या ठोकळ्यांवर. सगळ्यावर चंदेरी पिशवी, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या, समुद्रावरच्या खारट हवेला आत वाट राहू नये म्हणून. मग चारी बाजूंनी बोटं घालून बघितलं. दोन. दोन. दोन. दोन.

वेल्डर आला तेव्हा काका तिसऱ्या बाजूला स्क्रू बसवत होते. हातातल्या पेचकसाने, एकेक, मशीन न लावता.

"खिळे संपले का रे?"

"नाहीत."

"ती कायमची चाललीय ना?"

"हो."

"कागदावर तसंच लिहिलंयस ना?"

"हो म्हटलं ना."

"मग?"

"लाकूड चांगलं आहे," काका म्हणाले. "खिळ्याने फाटतं."

वेल्डरने आयुष्यभर काकांना याच लाकडात खिळे ठोकताना बघितलं होतं. त्याच्याकडे किमान सात टोमणे तयार असणार, तोंडावरून दिसत होतं. ते तसेच ठेवून तो दुसरा पेचकस उचलून चौथ्या बाजूला बसला.

संध्याकाळी काकांनी झाकणाच्या आत कागद चिकटवला. चित्रं काढून, आकडे घालून, सोप्या शब्दांत. ‘१. तळ जमिनीवर सपाट ठेवा. २. शेगडी तळावर ठेवून पाय आवळा. ३. विटा आकड्याप्रमाणे.’ बारा मुद्दे होते. बाराव्यानंतर काकांचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं, शाई पसरून ठिपका झाला. मग त्यांनी टोपण लावलं आणि झाकण बसवलं.

ट्रक सकाळी आला. त्याला माल उचलायची लोखंडी फळी असेल असं कंपनीने कबूल केलं होतं. नव्हती. ड्रायव्हर खाली उतरला, पेटीभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मला सांगितलं शेगडी. ही तर खोली आहे. भाडेकरू आहे का आत?"

शेवटी तीन पाइप आणले, पेटी त्यांच्यावरून ढकलत नेली, दोन जाड फळ्यांचा उतार केला आणि आठ माणसांनी वर रेटली. न्हावी गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून आला, गिऱ्हाईकही साबणासकट आलं. इस्त्रीवाला आला. काका मात्र ढकलत नव्हते. पेटीच्या एका कोपऱ्याला त्यांनी एक चिकटपट्टी लावली होती, पेटी कलंडली तर पांढऱ्याची लाल होणारी. तिच्यावर डोळे लावून ते पेटीबरोबर तिरके तिरके चालत होते.

"डावीकडे! डावीकडे! अरे, माणूस आहे का बैल!"

"तुम्ही पण हात लावा की काका!"

"मी बघतोय ना!"

पट्टी पांढरी राहिली. पेटी आत सरकली. काकांनी शेवटी पेटीवर हाताच्या पंजाने एक थाप मारली आणि कान लावला. काही वाजलं नाही. ड्रायव्हरने मागचं दार लावलं.

व्हरांड्यात चार चाकांचे चार गंजके ठिपके राहिले आणि त्यांच्यामध्ये फरशीचा एक लांबट तुकडा, बाकीच्या फरशीपेक्षा स्वच्छ. काकांनी फावल्या वेळासाठी नवा छंद धरला नाही, ते मिठासारखे विरघळले नाहीत, आजारी पडले नाहीत. एक तारीख आली तेव्हा तेलाची कुपी घेऊन मागे गेले. थोडा वेळ उभे राहिले. मग पुढे येऊन आमच्या जिन्याच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. फाटक आता इतकं गुपचूप उघडतं की आमच्याकडे पाहुणे येऊन उभे राहतात तरी कळत नाही.

गल्लीत त्यांना आता नवीन कारण सांगायला नव्हतं. न्हाव्याने एकदा विचारलं, "काकू काय म्हणतात?" काका म्हणाले, "ठीक." दाढी होईपर्यंत दुसरा शब्द नाही. न्हावी म्हणतो, इतकी सरळ दाढी त्याने आयुष्यात केली नव्हती, गाल हललाच नाही.

बोट निघाली होती. कंपनीने एक नंबर दिला होता, तो टाकला की फोनवर समुद्राच्या नकाशात एक ठिपका दिसायचा. काकांना तो लावता यायचा नाही, म्हणून मी खाली जाऊन दाखवायचे. एकदा ठिपका अगदी निळ्याच्या मधोमध होता, कुठल्याच किनाऱ्याजवळ नाही, तेव्हा मी म्हटलं, "काका, पेटी काय सुंदर झाली होती! आकडे, खुणा, कागद, सगळं. काकू फेकणार नाहीत. ठेवतील जपून. आणि पेटी असली की कधी ना कधी…"

"जाळेल," काका म्हणाले.

"काय?"

"पेटी जाळेल. त्याच शेगडीत."

"शक्यच नाही. पैज?"

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "तू जिन्यात माझी नक्कल करतेस. मला ऐकू येते. छत दोन्ही बाजूंनी तेवढंच पातळ आहे. हरलीस तर महिनाभर बंद."

"आणि जिंकले तर?"

त्यांनी जरा विचार केला. "जिंकलीस तर काय पाहिजे ते माग," असं म्हणाले, पण ज्या आवाजात म्हणाले त्यावरून कळलं की ही वेळ येणार असं त्यांना वाटतच नव्हतं. मी पैज लावली.

ठिपका किनाऱ्याला लागायला बावन्न दिवस गेले, तपासणीला आणखी नऊ. मग एका सोमवारी सकाळी खाली फोन वाजला. मी हातातला चमचा खाली ठेवला आणि जमिनीवर बसले.

"अहो, ऐकताय ना? आली! एक ओरखडा नाही! पट्टीसुद्धा पांढरीच्या पांढरी! शेजारी म्हणाले, कुठल्या कंपनीने बांधली? म्हटलं, कंपनी कसली, आमचे आहेत ना तिकडे!"

"विटा?"

"सगळ्या. काल बाजारात लावली पण! दोन वाजता सगळं संपलं, लोक हात हलवत परत गेले. तुमची तब्येत बरी ना?"

"बरी. आणि पेटी?"

"काय?"

"पेटी. लाकडाची."

"अहो, ती काय उघडता उघडेना! जावई तासभर स्क्रू काढत बसला होता, बोटाला फोड आला बिचाऱ्याच्या. पण लाकूड काय सुकं हो! इथला कोळसा मेला पेटता पेटत नाही. काल अख्खी शेगडी त्याच्यावरच पेटवली. झाकणाच्या फळ्या तर काडी लावल्या लावल्या धरल्या."

"झाकणाला आतून एक कागद होता."

"तो होय, तो तर पहिल्यांदा लागला. कोरडा ठणठणीत होता."

"असणारच," काका म्हणाले. "ओल लागू नये म्हणून पुड्या घातल्या होत्या."

"थांबा, बाळ रडतंय."

फोन बंद झाला. मग झाडूच्या दांड्याने आमच्या जमिनीवर, म्हणजे त्यांच्या छतावर, दोनदा ठोकलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"महिना आजपासून."

"आणि काकूंची?" मी जमिनीला तोंड लावून विचारलं. "काकूंची नक्कल पण बंद?"

रंधा चालू झाला. एक फळी पूर्ण तासून झाली तेव्हा उत्तर आलं.

"तिची चालू दे."